कॅमेरा चालू केला की विमान ऐकत नाही (आरसी म्हणजे रिमोटवरचं विमान, २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट)

चिभडलेलं_वावर
नमस्कार मंडळी. मी दारव्ह्याकडचा. सनपॅक शीटचं (पोकळ प्लास्टिकच्या पत्र्याचं) घरी बनवलेलं हायविंग (पंख वरच्या बाजूला असलेलं) विमान आहे. पंख सव्वा मीटर, थ्री-एस (तीन सेलची) २२०० ची लायपो बॅटरी, तीस अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि २.४ गिगाहर्ट्झचा सहा चॅनलचा साधा रिमोट. गावच्या ई-क्लासवर (सरकारी गायरानावर) अन् आमच्या वावरावर बरेच दिवस बिनबोभाट उडत होतं.

यंदा पोटाखाली ॲक्शन कॅमेरा लावला. त्यात हौस थोडी, गरज जास्त. आमच्या वावरात काही पट्टे दरवर्षी चिभडतात (पाणी साचून दलदल होते) आणि सोयाबीन पिवळं पडतं. धुऱ्यावर उभं राहून पाणी नेमकं कुठून येतं अन् कुठं अडतं ते समजत नाही. परतीचा पाऊस आहे तोवर एकदा वरून पाहून घ्यायचं होतं.

कॅमेरा बंद असला की सगळं ठीक. चालू केला की जमिनीवरच एलेव्हेटरचा (शेपटीच्या आडव्या फळीचा) सर्व्हो, म्हणजे ती हलवणारी छोटी मोटर, थरथरतो. अन् हवेत पार त्या टोकाला, अडीचशे-तीनशे मीटरवर गेलं की क्षणभर विमान ऐकतच नाही. मोटर बंद पडते, मग पुन्हा ताबा येतो. परवा तसंच पऱ्हाटीत (कपाशीत) शिरलं. पंख शाबूत, पंखा (प्रोपेलर) गेला.

कॅमेऱ्याची स्वतःची बॅटरी लवकर बसते म्हणून यूएसबीची वायर कापून विमानातल्या रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलमधून करंट दिला आहे. शेजारच्या वावरात रानडुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन आहे. तिचा तर हा प्रताप नाही ना?

वऱ्हाडी_ठेचा
आता मा माय! इमान पऱ्हाटीत? निंदाले आलेल्या बाया पयाल्या असतीन.
भाऊ, माह्या मते मशीनच हाय. आमच्या अठी झटका लागला तवापासून बुढ्याच्या रेडिओत टक-टक वाजते. सेकंदाले एक. बातम्या आयकूच येत नाई.

काकडआरती
धागा वाचतोय. मलाही कॅमेरा लावायचा आहे.

जुना_ट्रान्झिस्टर
ठेचाभाऊ, तुमच्या बाबांचा रेडिओ खरं बोलतो, पण तो वेगळ्या गावचा साक्षीदार आहे. झटका मशीन साधारण सेकंदाला एक ठोका तारेत सोडते. तार कुठे ओल्या गवताला टेकली किंवा इन्सुलेटर फुटला की तिथे ठिणगी उडते आणि तिचा आवाज मीडियम वेव्हवर ठणठणीत ऐकू येतो. नागपूर आकाशवाणी ५८५ किलोहर्ट्झवर, यांचा रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे जवळजवळ चार हजार पट वर. तिथपर्यंत त्या ठिणगीचा जोर फारसा उरत नाही. शिवाय धागाकर्त्याने स्वतःच लिहिलंय की कॅमेरा बंद असताना त्याच वावरावर विमान नीट उडतं. मशीन तेव्हाही चालूच असणार की. तिला सोडा.

(झटका मशीनला सोडा म्हणालो, घरच्या लाइनचा २३० व्होल्टचा करंट थेट कुंपणात सोडणाऱ्यांना नव्हे. तो गुन्हा आहे आणि आपल्याकडे त्यात माणसं मेली आहेत.)

आता मुद्द्याचं. भाऊ, तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि तुम्ही त्यांची एकच मोट बांधली आहे. जमिनीवर सर्व्हो थरथरतो ही एक. लांब गेल्यावर विमान ऐकत नाही ही दुसरी. दोन्हींचं मूळ एकच असेल असं धरून चालू नका.

जुन्या एफएम सेटमध्ये, म्हणजे ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झवाल्या, रेडिओत गोंगाट शिरला की सर्व्हो नाचायचा, कारण रिसीव्हर जे ऐकेल ते तसंच सर्व्होला सांगायचा. त्या काळात कॅमेरे खरोखर डोकेदुखी होते. कॅमेऱ्यात २४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असला तर त्याची तिसरी पट बरोबर ७२.०००, आणि अमेरिकन पट्ट्यातलं पहिलं विमानाचं चॅनल ७२.०१०. दारातच शत्रू. वर त्या रिसीव्हरची अँटेना म्हणजे मीटरभर लोंबती वायर, ती कॅमेऱ्याजवळून गेली नाही तरच नवल.

२.४ च्या डिजिटल सेटमध्ये तसं होत नाही. प्रत्येक संदेश तपासला जातो, चुकला तर फेकून दिला जातो. गोंगाट वाढला तर सर्व्हो थरथरत नाही, तो शेवटच्या जागी गप्प बसतो, आणि जास्त वेळ संदेश आला नाही तर फेलसेफ लागतो, म्हणजे रिसीव्हर स्वतःच मोटर बंद करतो. तुमची मोटर बंद पडली म्हणजे फेलसेफ नीट लावलेला दिसतो, त्याबद्दल शाबास. म्हणून थरथर दिसली की माझा पहिला संशय करंटवर आणि वायरींवर. लांबचं न ऐकणं मात्र रेडिओचं.

दोन गोष्टी सांगा. कॅमेऱ्याचं वायफाय चालू आहे का? आणि रिसीव्हरची अँटेना नेमकी कुठून गेली आहे?

चिभडलेलं_वावर
काका, वायफाय चालू असतं. मोबाइलच्या ॲपवरून रेकॉर्डिंग सुरू करतो, सोपं पडतं. रिसीव्हर पंखाखाली, बरोबर कॅमेऱ्याच्या वर. अँटेनेच्या दोन बारीक वायरी आहेत. एक आडवी चिकटवली आहे, दुसरी यूएसबीच्या वायरीसोबतच टेपने गुंडाळली, लोंबू नये म्हणून.

वऱ्हाडी_ठेचा
सापडला चोर.

डेसिबल
ट्रान्झिस्टर काकांशी सहमत. वायफायचं गणित मांडते, मी हेच शिकवते म्हणून राहवत नाही.

रिमोटची ताकद १०० मिलिवॅट धरा, म्हणजे २० डीबीएम (डीबी हे पटीचं माप, दर १० डीबीला दहापट; डीबीएम म्हणजे १ मिलिवॅटच्या तुलनेत). मोकळ्या हवेत ३०० मीटरवर तिच्यातून सुमारे ९० डीबी गळते. रिसीव्हरपाशी पोचतं उणे ७० डीबीएम. चांगला रिसीव्हर याहून कितीतरी क्षीण संदेशही वाचतो, म्हणजे यात तसं काहीच वाईट नाही.

आता कॅमेरा. त्याचं वायफाय ३० मिलिवॅटच्या आसपास धरू, १५ डीबीएम. पण तो १० सेंटीमीटरवर बसलाय. तेवढ्या अंतरात गळतात फक्त २० डीबी. रिसीव्हरला तो उणे ५ वर ऐकू येतो. फरक ६५ डीबीचा, म्हणजे कॅमेऱ्याचा आवाज रिमोटपेक्षा तीस लाख पट मोठा. लग्नाच्या मंडपात डीजेच्या खोक्याला टेकून फोनवर बोलून बघा, तसं.

आणि हेही लक्षात घ्या की विमान जवळ असताना हा त्रास दिसत नाही. जवळ रिमोटही जोरात ऐकू येतो. म्हणून घराजवळ दोन घिरट्या मारून 'सगळं ठीक आहे' म्हणणारे लोक पुढे पऱ्हाटीत जातात.

गगनभरारी_अकोला
मॅडम, क्षमस्व, पण २.४ चे रिमोट फ्रिक्वेन्सी हॉपिंग करतात. सेकंदाला कित्येकदा चॅनल बदलतात. वायफाय एका जागी बसलेलं असतं. एक-दोन उड्या वाया जातील, बाकीच्या पोचतील. माझ्या विमानावर वायफाय चालू ठेवून मी उडवतो, काहीही होत नाही.

डेसिबल
हॉपिंगचं बरोबर आहे. वायफायचं चॅनल १ असेल तर मध्य २४१२, ६ असेल तर २४३७, ११ असेल तर २४६२ मेगाहर्ट्झ, आणि रुंदी वीसेक मेगाहर्ट्झ. आपला पूर्ण पट्टा २४०० ते २४८३.५. त्यामुळे शेजारच्या घरातल्या राउटरचा हॉपिंगवाल्या रिमोटला खरंच फार त्रास होत नाही.

पण तो राउटर पन्नास मीटरवर असतो. दहा सेंटीमीटरवरचा ट्रान्समीटर नुसता आपलं चॅनल व्यापत नाही, तो रिसीव्हरचा पुढचा ॲम्प्लिफायरच दाबून टाकतो. मग उडी कुठेही मारा, रिसीव्हर बहिरा. तुमच्या विमानावर रिसीव्हर आणि कॅमेरा किती लांब आहेत?

गगनभरारी_अकोला
कॅमेरा नाकावर, रिसीव्हर शेपटीकडे. साठ सेंटीमीटर असेल.

डेसिबल
मग तुम्ही नकळत अर्धा उपाय केलेलाच आहे. अंतर सहापट झालं की साडेपंधरा डीबी तिथेच सुटतात.

जुना_ट्रान्झिस्टर
वायफाय बंद केलं की सुटलो, असं मात्र समजू नका. कॅमेऱ्यात आत प्रोसेसर आहे, मेमरी आहे, सेन्सरकडून येणारा डेटा आहे, कार्डावर लिहिणं आहे आणि व्होल्टेज बदलणारे स्विचिंग सर्किट आहेत. हे सगळं सेकंदाला कोट्यवधी वेळा चालू-बंद होतं आणि त्याचा गोंगाट रुंद पट्ट्यात पसरतो. डिजिटल वायरींचा गोंगाट २.४ पर्यंत पोचतो यावर तर इंटेलने २०१२ मध्ये यूएसबी ३.० बद्दल जाहीर टिपण काढलं होतं. वायरलेस माऊसचं डोंगल यूएसबी ३ च्या हार्डडिस्कशेजारी लावलं की माऊस अडखळतो, तोच प्रकार.

म्हणून तपासणी करताना कॅमेरा नुसता चालू ठेवून भागत नाही, रेकॉर्डिंग चालू हवं, कार्ड आत हवं. कॅमेऱ्याचा खरा गोंगाट तेव्हाच सुरू होतो.

तपासणी अशी करा. पंखा काढून ठेवा. विमान जमिनीवर नको, लाकडी स्टुलावर किंवा बंडीच्या साटीवर ठेवा, पण लोखंडापासून लांब. रिमोटमध्ये रेंज-चेक असेल तर तो लावा, त्यात ताकद मुद्दाम कमी होते. बऱ्याच कंपन्या तीसेक पावलांवर ताबा राहिला पाहिजे असं सांगतात. एक माणूस विमानापाशी, दुसरा रिमोट घेऊन मागे मागे जाणारा. सर्व्हो थांबला की तिथे काडी रोवा. आधी कॅमेरा बंद. मग चालू, वायफाय बंद. मग रेकॉर्डिंग. मग वायफायसह. मग यूएसबी वायर काढून, त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर. काड्यांमधलं अंतर हाच तुमचा मीटर. अंतर निम्मं झालं म्हणजे ६ डीबी गेले, दहावा हिस्सा राहिलं म्हणजे २० डीबी.

रेंज-चेक नसेल तर? पूर्ण ताकदीवरच चालत जा. तुमच्याकडे वावर आहे, पुण्याच्या लोकांसारखी गच्ची नाही.

अँटेनेबद्दल एक. त्या बारीक वायरीच्या टोकाचा उघडा भाग, साधारण ३१ मिलिमीटर, तेवढीच खरी अँटेना. बाकी सगळी नुसती नळी. तो तुकडा सरळ, मोकळा, आणि दुसऱ्या तुकड्याशी काटकोनात ठेवायचा. तुम्ही तो यूएसबीच्या वायरीला बांधलाय, आणि ती वायर कॅमेऱ्याचा गोंगाट घेऊन थेट रिसीव्हरच्या दारात येते.

फवारणी_यवतमाळ
थरथरीचं मी सांगतो. दादा, तुमचा ईएससी लिनिअर बीईसीवाला (बीईसी म्हणजे रिसीव्हर-सर्व्होसाठी ५ व्होल्ट काढणारा भाग) असेल तर त्याचाही विचार करा. थ्री-एसचे भरलेले १२ व्होल्ट, त्यातून ५ काढायचे, बाकीचे ७ उष्णता म्हणून जाळायचे. कॅमेऱ्याने एक अँपिअर ओढला की ७ वॉट नुसती धग. त्यात कॅमेरा चालताना स्वतःची बॅटरीही चार्ज करत असतो, म्हणजे ओढ आणखी. वर सर्व्हो. बीईसी तापला, व्होल्टेज खाली आलं, की सर्व्हो थरथरणार आणि फारच खाली गेलं तर रिसीव्हर रिस्टार्ट होणार. तेव्हाही तुम्हाला वाटणार की रेडिओ गेला.

मल्टीमीटर रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलवर लावा, कॅमेरा चालू करा आणि सगळ्या स्टिक एकदम हलवा. ५ चे साडेचार होताना मीटरवर दिसले तर प्रत्यक्षात क्षणभर त्याहून खाली गेलेत असं समजा, मीटर तेवढा चपळ नसतो.

कॅमेऱ्याला वेगळा छोटा बक कन्व्हर्टर (फारसं न जाळता व्होल्टेज उतरवणारं सर्किट) द्या, नाहीतर त्याच्याच बॅटरीवर चालवा. चिभडलेला पट्टा पाहायला अर्धा तास कशाला लागतो, विमान तरी तेवढं उडतं का?

काकडआरती
फवारणीदादा, तुमच्या ड्रोनवरही कॅमेरा असतो ना, मग तिथे त्रास का होत नाही?

फवारणी_यवतमाळ
तो कंपनीने एकत्र बसवून तपासलेला असतो. माझ्या घरच्या छोट्या फ्लाइंग विंगवर झाला होता, पण रिमोटला नाही, जीपीएसला. जमिनीवर उपग्रह मस्त दिसायचे, रेकॉर्डिंगचं बटण दाबलं की एकेक गळायचे. जीपीएसचा संदेश १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो आणि जमिनीवर पोचतो तेव्हा उणे १३० डीबीएमच्या घरात असतो. मॅडमनी वर जे उणे ७० सांगितले त्याच्यापुढे हा म्हणजे काहीच नाही. कॅमेरा किंचित कुरकुरला तरी तो बुडतो. 'घरी परत ये' वर विसंबून लांब जाणाऱ्यांनी हे आधी तपासा. मी जीपीएस पंखाच्या टोकाकडे नेला आणि कॅमेऱ्याच्या मागून तांब्याची पट्टी गुंडाळून ती ग्राउंडला जोडली. नुसती गुंडाळून सोडली असती तर फारसा उपयोग नसता. लेन्स, बटणं आणि गरम हवा जायची जागा मोकळी सोडा.

वऱ्हाडी_ठेचा
जुन्या कॉम्प्युटरच्या वायरीले ते कायं गठूळं रायते, ते लावलं तं जमते काय? माह्याजवळ पोतंभर हाय.

जुना_ट्रान्झिस्टर
फेराइट म्हणतात त्याला. जपून ठेवा ते पोतं. एफएमच्या काळात आम्ही त्यासाठी भंगारवाल्याच्या मागे फिरायचो. सर्व्होच्या लांब वायरीला दोन-तीन वेढे मारून लावला की वायरीवरून चालत येणारा गोंगाट अडतो. पण बाजारातले नेहमीचे फेराइट शंभर-दोनशे मेगाहर्ट्झपर्यंत चांगले. २.४ गिगाहर्ट्झवर त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. थरथरीवर उपयोग होईल, रेंजवर नाही. वजनही पाहा, ते गठूळ हलकं नसतं. त्याआधी वायरींना पीळ द्या, तो फुकट आहे.

उडता_धांडा
मी लाइव्ह व्हिडिओ लावणार आहे. एकाने १.२ गिगाहर्ट्झचा ट्रान्समीटर स्वस्तात देऊ केलाय, म्हणतो झाडामागूनही चित्र येतं. घेऊ का?

डेसिबल
नको. १.२ ची दुप्पट किती? २.४. स्वस्त ट्रान्समीटरची दुसरी हार्मोनिक तुमच्या रिमोटवरच येऊन पडते, आणि रिसीव्हर त्याच्या मांडीवर. फिल्टर लावून लोक चालवतात, पण हा पट्टा आपल्याकडे परवानामुक्त नाही, मग कशाला ती झंझट. व्हिडिओ ५.८ वर ठेवा. ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त आहे.

उडता_धांडा
मग रिमोटच बदलतो, ९१५ वाला लांब जातो म्हणे.

डेसिबल
तो अमेरिकेचा पट्टा, ९०२ ते ९२८. आपल्याकडे ८९० ते ९१५ मध्ये मोबाइल हँडसेट टॉवरशी बोलतात. तुम्ही विमान उडवाल आणि गावाचे फोन अडखळतील. भारतात त्या बाजूला मोकळा पट्टा ८६५ पासूनचा. एक्स्प्रेसएलआरएससारख्या लांब पल्ल्याच्या रिमोट सिस्टिममध्ये फर्मवेअर घालतानाच भारताचा पट्टा निवडता येतो. तो निवडा. कॅमेऱ्याच्या वायफायपासूनही आपोआप सुटका होते, हा वरचा फायदा.

धागापाल
चर्चा छान चालली आहे, पण एक आठवण. ड्रोन नियम २०२१ आरसी विमानांनाही लागू आहेत. दोन किलोपर्यंतचं विमान हौसेसाठी उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण विमान नजरेसमोर हवं आणि जागा सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलच्या नकाशावर हिरवी हवी. हिरव्यातही ४०० फुटांच्या वर नाही, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूटच. नागपूर, बेलोरा, बिरसी या बाजूच्यांनी नकाशा पाहिल्याशिवाय उडवू नये. पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या आसपास आणि मेळघाट-ताडोब्यात तर नावच काढू नका.

गगनभरारी_अकोला
मॅडमशी वाद घालायचा म्हणून कॅमेरा रिसीव्हरशेजारी ठेवून, वायफाय चालू करून चालत गेलो. निम्म्या अंतरात सर्व्हो गप्प. बाकी काही बोलत नाही.

चिभडलेलं_वावर
पाऊस उघडला, मोजणी झाली. पुतण्याला विमानापाशी बसवलं, मी रिमोट घेऊन पांदणीने मागे गेलो. रेंज-चेक लावूनच.

कॅमेरा बंद: बाभळीपर्यंत, म्हणजे तीस पावलांच्या बऱ्याच पुढे, ताबा शाबूत.
वायफाय चालू, यूएसबी जोडलेली, सगळं आधीसारखं: दहा पावलांतच बंद.
वायफाय बंद, बाकी तसंच: निम्म्यावर आलं, पण बाभळीपर्यंत नाही.
यूएसबी काढली, अँटेना मोकळी केली, रेकॉर्डिंग चालू: बाभूळ गाठायला थोडं कमी.
मग कॅमेरा नाकावर नेला आणि रिसीव्हर पंखाच्या मागे. तोल सांभाळायला बॅटरी मागे सरकवावी लागली. आता बाभळीपर्यंत जातं.

एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. माझ्या कॅमेऱ्यात बॅटरी काढून परत घातली की वायफाय आपोआप चालू होतं. आता दर वेळी निळा दिवा पाहूनच विमान उचलतो.

मीटरही लावला. कॅमेरा यूएसबीवर असताना सर्व्हो हलवले की ५.० चे ४.४ होतात, बीईसीला बोट लावता येत नाही एवढा तापतो. वायर काढली तर ४.९ च्या खाली येत नाही.

उडवलं. पार नाल्यापर्यंत जाऊन आलं, एकदाही अडखळलं नाही. व्हिडिओत स्पष्ट दिसतं, पाणी वरच्या वावरातून नाही येत, पांदणीच्या रस्त्याखालचा पाइप बुजलाय, तिथून फुटून आडवं आमच्यात शिरतं. आजवर आम्ही वरच्या धुऱ्याकडे चर खोदत होतो.

फक्त एलेव्हेटर अजून किंचित थरथरतो. कॅमेरा बंद असतानाही. आधी लक्षात आलं नव्हतं.

वऱ्हाडी_ठेचा
पाइप कोन बुजवला ते नको इचारू भाऊ, ग्रामपंचायतीची निवडनूक हाय.

जुना_ट्रान्झिस्टर
कॅमेरा बंद असतानाही थरथरतो? मग एलेव्हेटरचा सर्व्हो काढून एलेरॉनच्या (पंखांवरच्या फळ्यांच्या) चॅनलवर लावून बघा. थरथर त्याच्याबरोबर गेली तर सर्व्होच्या आतला पोटेन्शिओमीटर (त्याची जागा मोजणारा भाग) घासलाय, रेडिओचा संबंध नाही.

चिभडलेलं_वावर
त्याच्याबरोबर गेली. नवीन मागवलाय.

उडता_धांडा
तो निळा दिवा कॅमेऱ्याच्या कुठल्या बाजूला असतो? माझ्यात दिसत नाही.

चिभडलेलं_वावर
मॉडेलप्रमाणे बदलतो. माझ्यात पुढे, लेन्सच्या खाली. दिसत नसेल तर मोबाइलचं वायफाय उघडून यादीत कॅमेऱ्याचं नाव येतं का ते बघा.